पगार सुरू झाला, तर पेन्शनचे काय?

दिव्यांग माणसाला कामाची संधी चालून आली, की घरात आनंदाच्या आधी शंका येते: पेन्शन तर बंद होणार नाही ना? शंका रास्त आहे. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम मोठी नाही, पण मागेपुढे का होईना, ती खात्यावर जमा होते. नवी नोकरी टिकेल की नाही, जाण्यायेण्याचे झेपेल की नाही, साहेब समजून घेणारा असेल की नाही, हे मात्र आधी कोणालाच सांगता येत नाही.

मग जो तो आपापले सांगतो. एक म्हणतो, "कामाला लागलास की सगळं जाणार, कार्डसुद्धा रद्द करतील." दुसरा म्हणतो, "कोण बघायला येतंय? दोन्ही घे गुपचूप." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्ही नुकसानीचे आहेत. पहिला ऐकून माणूस हाती आलेले काम सोडून देतो. दुसरा ऐकून तो आज ना उद्या चौकशीत सापडतो. खरे उत्तर या दोहोंपेक्षा लांब आहे, पण अवघड नाही. ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

सवलत कशाला बांधली आहे, ते आधी पाहा

सरकारकडून दिव्यांगांना जे मिळते त्याला आपण सरसकट 'अपंगाच्या सवलती' म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. हे लाभ तीन वेगवेगळ्या गोष्टींना बांधलेले आहेत.

काही लाभ अपंगत्वाला बांधलेले आहेत. दाखल्यावर ठरावीक टक्केवारी असली की ते मिळतात. माणूस कमावतो की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. काही लाभ गरिबीला बांधलेले आहेत. तिथे अपंगत्व लागतेच, पण त्यासोबत उत्पन्न एका मर्यादेच्या आत असावे लागते. तिसऱ्या प्रकारचे लाभ कमावण्याची क्षमता गेल्याबद्दल मिळतात. तिथे अपघात किंवा आजारामुळे कमाईची ताकद किती घटली, हे पाहिले जाते.

नोकरी लागली की पहिल्या गटाला धक्का लागत नाही. दुसऱ्या गटाला लागतो. तिसऱ्या गटात प्रत्येक लाभाचा नियम वेगळा असतो. म्हणून "सवलती जातील का?" असा एकच प्रश्न विचारण्याऐवजी आपल्याला मिळणाऱ्या प्रत्येक लाभाबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारायला हवा.

दाखल्यावर मिळणारे लाभ: नोकरीने काही बिघडत नाही

आज या सगळ्याचे मूळ कागदपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारे. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर कार्डावर पांढरी पट्टी, ४० ते ७९ टक्के असेल तर पिवळी आणि ८० टक्के व त्याहून अधिक असेल तर निळी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. कार्डावर पगाराची नोंद नसते. डॉक्टरांनी शरीराची किंवा मनाची स्थिती पाहून टक्केवारी लिहिलेली असते. तुम्ही कामाला लागलात म्हणून पायातला पोलिओ कमी होत नाही, आणि कार्डही रद्द होत नाही. तात्पुरता दाखला असेल तर त्याची मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते, पण तीही वैद्यकीय असते.

प्रवासाच्या सवलती याच गटातल्या. एस.टी.च्या साध्या बसला ७५ टक्के सवलत दिव्यांगत्वावर मिळते. रेल्वेत पूर्ण अंध, बौद्धिक दिव्यांग आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशांना स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सूट आहे, सोबत्यालाही तेवढीच. यात उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. उलट रोज कामावर जाणाऱ्याला या सवलतींचा उपयोग घरी बसलेल्यापेक्षा जास्त.

काही लाभ तर कमावू लागल्यावरच हाताला लागतात. सरकारी नोकऱ्यांतले चार टक्के आरक्षण हे उघड उदाहरण. दुसरे व्यवसाय कराचे. महाराष्ट्रात पगारदारांकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो; ४० टक्के किंवा अधिक कायमचे शारीरिक अपंगत्व असलेल्यांना तो माफ आहे. त्यासाठी दाखल्याची प्रत आस्थापना विभागात द्यावी लागते. ती दिली नाही म्हणून वर्षानुवर्षे कर कापला जातो, असे पुष्कळांचे होते.

तिसरे उदाहरण आयकराचे. जुन्या करप्रणालीत १९६१ च्या कायद्यातल्या कलम ८०यू प्रमाणे दिव्यांग करदात्याला ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्क्यांवरच्या अपंगत्वाला १,२५,००० रुपयांची थेट वजावट ठेवलेली होती. त्यासाठी खर्चाची बिले दाखवावी लागत नव्हती. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. तरीही ठरावीक प्रकारच्या अपंगत्वाला मिळणारा वाहतूक भत्ता एका मर्यादेपर्यंत तिथेही करमुक्त ठेवला आहे. कोणती प्रणाली फायद्याची, हे दोन्हीकडे आकडे मांडून ठरवावे.

चौथे, आणि कमी पगाराच्या नोकरीत सर्वांत मोलाचे, म्हणजे ईएसआय. इतर कामगारांना महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच या विम्याचे संरक्षण मिळते. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय होते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. मुलगा एखाद्या कार्यशाळेत किंवा दुकानात काम करू लागला, म्हणून ते काढून घेतले जात नाही. आईवडिलांची या बाबतीतली धास्ती अनाठायी आहे.

उत्पन्नाच्या अटीवर मिळणारे लाभ: इथे जपून पाऊल टाका

आता खरा अडचणीचा भाग.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. गावाकडे तिला 'निराधारचा पगार' म्हणतात. तिच्यात १८ ते ६५ वयाच्या, किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तीला दरमहा अनुदान मिळते. ही रक्कम २०२३ पासून दीड हजार होती. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झाली. अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल, तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनचे ३०० रुपये आणि त्यावर राज्याची भर, अशी मिळून रक्कम येते.

अट आहे उत्पन्नाची. इतर निराधारांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, ही मर्यादा वर्षाची आहे. बाराने भागली तर महिन्याला सव्वाचार हजारही होत नाहीत. दुसरी, हे उत्पन्न एकट्या लाभार्थ्याचे नाही, कुटुंबाचे धरले जाते. घरात नवरा, वडील किंवा सासरा रोजंदारीवर जात असेल, तर दिव्यांग व्यक्तीने एक रुपया कमावण्याआधीच मर्यादा भरत आलेली असते.

तपासणी कशी होते? लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीत द्यावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो. त्याआधी तलाठी चौकशी करून अहवाल देतो. त्या अहवालात शेती, मजुरी, नोकरी, व्यवसाय अशा सदरांपुढे आकडे लिहिलेले असतात. आजवर 'मजुरी' एवढेच लिहिले जाई. नोकरी लागल्यावर त्या सदरात पगार यायला हवा, आणि तो आला की बेरीज ५०,०००च्या वर जाते. अनुदान थांबण्याची सुरुवात या एका ओळीपासून होते.

ही ओळ रिकामी ठेवावी, असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. पगार, पीएफ आणि ईएसआय यांच्या नोंदीही आधारशीच जोडलेल्या असतात. खोटी माहिती देऊन दिव्यांगांसाठीचा लाभ घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय घेतलेले पैसे परत करण्याची पाळी येते ती वेगळीच, आणि ती येते तेव्हा पैसे खर्च झालेले असतात.

रेशनही याच गटात मोडते. प्राधान्य कुटुंबाच्या धान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. म्हणजे नोकरीचा हिशेब मांडताना पेन्शनसोबत धान्याचाही विचार करावा लागतो. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या पाच टक्के दिव्यांग निधीचे वाटप त्या त्या संस्थेच्या ठरावाप्रमाणे होते. तिथली अट तिथेच विचारून घ्यावी.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, सुनीता नावाची एक तरुणी आहे. लहानपणी पोलिओ झाला, अपंगत्व ६० टक्के, पिवळे कार्ड. आईसोबत राहते, घरात दुसरे उत्पन्न नाही. तिला निराधारचे महिना २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये मिळतात.

तिला गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धवेळ काम मिळाले. पगार महिना ४,०००. वर्षाचे ४८,००० झाले. मर्यादा ५०,००० असल्याने अनुदान चालू राहते आणि दोन्ही मिळून तिच्या हाती वर्षाला ७८,००० येतात. इथपर्यंत ठीक.

तिचे काम पाहून दुकानदाराने पगार ५०० रुपयांनी वाढवला. आता वर्षाचे ५४,००० झाले. मर्यादा ओलांडली, अनुदान बंद. हाती येतात फक्त ५४,०००. पगार वर्षाला ६,००० रुपयांनी वाढला आणि उत्पन्न २४,००० रुपयांनी घटले. पूर्वीच्या ७८,००० वर पुन्हा पोचायला तिला महिना ६,५०० पगार लागेल, म्हणजे दुकानदाराने आणखी दोन हजार वाढवून द्यायला हवेत.

आता दुसरी शक्यता पाहू. तालुक्याच्या गावी एका कार्यालयात तिला डेटा एंट्रीची पूर्णवेळ नोकरी मिळते, पगार १२,०००. त्यातून पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ९० रुपये कापले जाऊन हाती १०,४७० येतात. बसची पायरी उंच, स्टँडपासून कार्यालय लांब, म्हणून रिक्षा. ती महिना ३,००० धरू. उरले ७,४७०, वर्षाला सुमारे ८९,६००. अनुदान गेले तरी ती आधीच्या ७८,००० च्या पुढे आहे. त्याशिवाय तिच्या नावावर पीएफ साठतो आहे, त्यात मालकाचीही भर पडते आहे, आणि तिला व आईला ईएसआयचा दवाखाना मिळाला आहे.

या आकड्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पूर्णवेळ, पीएफ-ईएसआय असलेली नोकरी मिळत असेल, तर पेन्शन जाईल म्हणून ती सोडू नये. फायदा नोकरीतच आहे. मर्यादेच्या आतले छोटे कामही चालते. धोका मधल्या पट्ट्यात आहे, महिना सव्वाचार हजार ते साडेसहा हजार या दरम्यान. आणि दुर्दैव असे की, बहुतेक दिव्यांगांचे पहिले काम नेमके याच पट्ट्यातले असते: शिवणकाम, टेलिफोन बूथच्या जागी आलेले रिचार्जचे दुकान, शिकवण्या, कॉल सेंटरची अर्धवेळ पाळी. ज्या पायरीवरून माणूस वर चढू शकला असता, तिथेच कडा तुटलेला आहे.

प्रवासखर्चाचा आकडाही पाहा. धडधाकट माणसाला कामावर जायला जो खर्च येत नाही, तो सुनीताला पगाराच्या चौथाईइतका येतो. कुटुंबाचे उत्पन्न मोजताना हा खर्च कुठेही वजा होत नाही. तिचे १२,००० आणि दुसऱ्या कोणाचे १२,००० सरकारी कागदावर सारखेच दिसतात.

कमावण्याची क्षमता गेल्याबद्दलचे लाभ

तिसरा गट कामगारांचा आणि कर्मचाऱ्यांचा. इथे अपंगत्व बहुधा नोकरीत असताना आलेले असते.

ईएसआयमधील कामगाराला कामावर इजा झाली, तर बरा होईपर्यंत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या ९० टक्के दराने मिळतो. तो घेत असताना काम करून पगार घेता येत नाही, हे उघड आहे. पण इजा कायमची राहिली, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. १५,००० पगाराच्या कामगाराची क्षमता ३० टक्के घटली असे धरले, तर १५,००० च्या ९० टक्के म्हणजे १३,५००, आणि त्याच्या ३० टक्के म्हणजे महिना ४,०५० रुपये. ही रक्कम पुन्हा कामावर रुजू झाल्यावरही चालू राहते. प्रेसमध्ये दोन बोटे गमावलेला कामगार त्याच कारखान्यात दुसरे काम करत असताना ती घेऊ शकतो. कित्येक कामगार 'आता मी परत कामावर आलो' म्हणून या लाभाचा अर्जच करत नाहीत. तो अवश्य करावा.

पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत नियम वेगळा आहे. नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्णपणे अपंग होऊन ते काम करण्यास असमर्थ ठरला, तर किमान एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याला पेन्शन मिळते. दहा वर्षांची अट इथे लागत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलामुलींना आईवडिलांमागे कुटुंबनिवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. अट अशी की, अपंगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसावा. म्हणजे एक पैही कमावायची नाही का? तसे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ही अट सैल झाली. मुलाचे इतर उत्पन्न हे आईच्या किंवा वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई दिलासा यांहून कमी असेल, तर पेन्शन चालू राहते. वडिलांचा शेवटचा पगार ४०,००० असेल, तर १२,००० अधिक महागाई दिलासा एवढी ही मर्यादा होते. तेवढ्यात एखादी साधी नोकरी सहज बसते. निराधार योजनेच्या ५०,००० शी तुलना केली, तर ही मर्यादा किती माणुसकीची आहे ते कळते.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले, तर 'घरी बसा, पेन्शन घ्या' असे सांगण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. आधीचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद नसेल, तर जादा पद निर्माण करून ठेवावे लागते. काही आस्थापनांना सरकार अधिसूचनेने यातून वगळू शकते, एवढाच अपवाद.

याच तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंह यांच्या खटल्यात निकाल दिला. ते एसएसबी या केंद्रीय दलात शिपाई होते. सेवेत असताना पायाला दुखापत झाली आणि पाय कापावा लागला. त्यांना सेवेस अपात्र ठरवून घरी पाठवले गेले. सरकारचे म्हणणे असे होते की, त्यांना अपंगत्वाची पेन्शन मिळते आहे, मग नोकरीचे संरक्षण कशाला? न्यायालयाने ते मान्य केले नाही. पेन्शन मिळते म्हणून काम करण्याचा हक्क संपत नाही, हे त्या निकालाने पक्के केले. त्या वेळी १९९५ चा कायदा लागू होता. आजच्या कायद्यात तेच संरक्षण कायम आहे.

दुसरीकडे हा कडा कसा टाळतात

मर्यादा ओलांडताच सगळे बंद, ही एकच पद्धत जगात आहे असे नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून दिला जाणारा वैयक्तिक स्वावलंबन भत्ता उत्पन्न पाहतच नाही. अपंगत्वामुळे रोजच्या जगण्याचा खर्च वाढतो, तो भरून काढण्यासाठी तो आहे. माणूस नोकरी करो वा न करो, तो मिळतो.

अमेरिकेत दोन वेगळ्या योजना आहेत. एक अपंगत्व विमा. तो पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या वर्गणीवर चालतो. तिकडे नोकरीला गेलेल्या मराठी माणसांच्या पगारातूनही ती जाते. या विम्याचे पैसे घेणाऱ्याला काम करून पाहण्यासाठी नऊ चाचणी महिने दिलेले असतात. २०२५ साली ज्या महिन्यात कमाई १,१६० डॉलरहून अधिक झाली, तो महिना चाचणीचा धरला गेला. सलग साठ महिन्यांच्या अवधीत असे नऊ महिने होईपर्यंत, कमाई कितीही असली तरी विम्याची पूर्ण रक्कम मिळते. त्यानंतर ३६ महिन्यांची दुसरी मुदत सुरू होते. त्या काळात मर्यादेपेक्षा जास्त कमाई झालेल्या महिन्यांचे पैसे सुरुवातीच्या थोड्या सवलतीनंतर थांबतात. कमाई मर्यादेखाली आली की पुन्हा मिळतात. २०२५ साली ही मर्यादा १,६२० डॉलर होती, अंध व्यक्तींसाठी २,७००. हेही संपल्यावर काम सुटले, तर पाच वर्षांच्या आत जलद मार्गाने लाभ पुन्हा सुरू करून मागता येतो आणि निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरते पैसे मिळू शकतात.

दुसरी योजना गरीब दिव्यांगांसाठी, आपल्या निराधार योजनेसारखी. तिच्यात २०२५ साली एकट्या व्यक्तीला केंद्राकडून महिना जास्तीत जास्त ९६७ डॉलर मिळत. ज्याला दुसरे उत्पन्न नाही, त्याच्या पगारातले पहिले ८५ डॉलर मोजत नाहीत आणि उरलेल्या पगाराचा निम्मा भाग लाभातून वजा होतो. म्हणजे कोणी १,००० डॉलर कमावले, तर ९१५ चे निम्मे ४५७.५० वजा होऊन ५०९.५० मिळतात. पगार धरून हाती १,५०९.५०. पगार वाढला की लाभ कमी होतो, पण एकूण रक्कम वाढतच जाते. तिथे कड्याच्या जागी उतार आहे.

ती व्यवस्था निर्दोष मुळीच नाही. गरिबांच्या त्या योजनेत एकट्या व्यक्तीने २,००० डॉलरहून जास्त शिल्लक ठेवायची नाही, ही अट १९८९ पासून तशीच आहे. पगार वेळेवर कळवला नाही, तर जादा गेलेले पैसे परत मागणारी नोटीस येते आणि माणसे हवालदिल होतात. पण काम करून पाहायला मुभा, हळूहळू घटणारा लाभ आणि जमले नाही तर परतीची वाट, या तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

काम घेण्यापूर्वी, घेतल्यावर आणि सुटल्यावर

काम घेण्यापूर्वी एका कागदावर आपल्याला मिळणारे सर्व लाभ लिहा: पेन्शन, रेशन, पास, विमा, कर्ज, घरकुल, जे असेल ते. प्रत्येकापुढे ते कशावर मिळते ते लिहा: दाखल्यावर, उत्पन्नावर, की क्षमता गेल्याबद्दल. उत्पन्नावर मिळणाऱ्या लाभांची वर्षाची बेरीज करा. मग नव्या कामाचा हाती येणारा पगार लिहा, त्यातून जाण्यायेण्याचा, सोबत्याचा, उपकरणांचा खर्च वजा करा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. त्या हिशेबात पीएफ आणि ईएसआय विसरू नका.

मालकाशी बोलताना दिव्यांगत्व लपवू नका. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण तयार करून जाहीर करावे, असा नियम आहे. तळमजल्यावर बसण्याची जागा, स्क्रीन रीडर, पाळीची सोयीची वेळ अशा मागण्या रुजू होताना लेखी केल्या, तर पुढे सोपे जाते. व्यवसाय कर माफीसाठी दाखल्याची प्रत त्याच दिवशी द्या.

काम सुरू झाल्यावर कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपलीकडे गेले, तर तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेला लेखी कळवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि ती जपून ठेवा. तुम्ही वेळेवर कळवले होते, याचा तोच पुरावा. त्यानंतरही खात्यात अनुदान आले, तर ते खर्च करू नका.

काम सुटले, तर अनुदानासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून रुजू होतानाचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि काम सुटल्याचे पत्र यूडीआयडी कार्डासोबत एकाच फायलीत ठेवा. उत्पन्न पुन्हा घटले आहे, हे त्यावरून दाखवता येते. अर्ज करायला उशीर करू नका. मंजुरीला लागणारा वेळ अर्जाच्या तारखेपासून मोजला जातो.

नियम माहीत असले की निर्णय भीतीने घ्यावा लागत नाही, हे एवढ्यासाठी सांगितले. पण सगळा भार दिव्यांग माणसाच्या हिशेबावर टाकून चालणार नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि अनुदानही वाढवले. ही दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र याच राज्यात लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि दिव्यांगाच्या पेन्शनसाठी ५०,०००. ज्याचा जगण्याचा खर्च जास्त, त्याचीच मर्यादा कमी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. कुटुंबाऐवजी व्यक्तीचे उत्पन्न पाहावे, कामाचे पहिले वर्ष अनुदान चालू ठेवावे, पुढे पगार वाढेल तसे ते थोडेथोडे कमी करावे आणि काम सुटले तर जुन्याच फायलीवर ते पुन्हा सुरू व्हावे. एवढे बदल झाले, तर दुकानदाराने पाचशे रुपये वाढवून दिल्यावर सुनीतासारख्या मुलीला ते नाकारावे लागणार नाहीत. ही मागणी दिव्यांग संघटनांपुरती राहू नये. आपल्या गावातल्या, आपल्या घरातल्या माणसाच्या कमाईचा हा प्रश्न आहे, म्हणून ती आपण सर्वांनी आमदारांकडे आणि ग्रामसभेत मांडायला हवी.